श्रवणाला बसलेली बाई

आमच्या पखोक्कू गावात कुणाचं माणूस शेवटच्या घटका मोजायला लागलं की पहिला निरोप विहारात जातो आणि दुसरा जातो चिरूटवाल्या दॉ सेन यिनकडे. ती येते, चपला दाराबाहेर काढते, उशाशी बसते. बोलत काही नाही. लोक म्हणतात, तिच्या नुसत्या बसण्यानं जाणाऱ्याचं मन ठिकाणावर येतं. मरताना मन जसं, तसा पुढचा जन्म, हे आमच्याकडे शेंबडं पोरसुद्धा सांगेल. मग अशा वेळी जाणतं माणूस जवळ असलेलं कुणाला नको असेल?

तर अशी ही जाणती बाई. आणि आपण नक्की काय जाणतो, हे त्या बाईलाच गेली चौतीस वर्षं ठाऊक नाही! आता बोला.

पोरवयात ती मा सेन यिन होती, केस पिकल्यावर दॉ सेन यिन झाली, पण बसायची जागा तीच राहिली. इरावतीच्या घाटाकडे उतरणाऱ्या गल्लीत चिरुटांचा कारखाना आहे, त्यात खिडकीपासून तिसरी चटई. मांडीवर सूप. सुपात भाजलेली पानं, चुरलेली तंबाखू, मक्याच्या सालीची टोकं आणि वाटीत चिकट भाताची खळ. पान पसरायचं, टोक ठेवायचं, तंबाखू भरायची, वळायचं, खळ लावायची. चौदाव्या वर्षी ती त्या चटईवर बसली. त्याच दिवशी शेजारच्या चटईवर न्यो नावाची मुलगी येऊन बसली, आणि बसल्या बसल्या म्हणाली, "ए, सरक की जरा. सगळं पखोक्कू तुझ्या बुडाखाली घेतलंस का?"

न्योच्या जिभेला हाड नव्हतं. मालकाच्या टकलापासून भिक्खूंच्या छत्रीपर्यंत ती कशावरही बोलायची. सेन यिन तिच्या उलट, तोंडात मूग धरून बसणारी. दोघींचं जमलं कसं, हे विचारू नका. जमलं खरं.

आमच्या गावात ध्यानाचं केंद्र आहे. बाजारातल्या बायका, रिक्षावाले, शाळामास्तर, सगळे वर्षातून दहा-पंधरा दिवस तिथं जाऊन बसतात. शिकवण साधी. पोट वर आलं की मनात म्हणायचं 'वर', खाली गेलं की 'खाली'. विचार आला तर 'विचार', राग आला तर 'राग'. ढवळायचं नाही, हाकलायचं नाही, नुसतं बघायचं. बघता बघता म्हणे एक दिवस कळतं, की आत 'मी' म्हणून जो कुणी पाय पसरून बसलाय असं वाटत होतं, तो मुळात नाहीच. आणि ते कळलं की माणूस निवतो, कायमचा.

दर दोन दिवसांनी थोरल्या सयाडोंपुढे, म्हणजे केंद्राच्या वडील भिक्खूंपुढे, गुडघे टेकून सांगायचं: काय दिसलं. ते ऐकतात, "मग?" एवढंच विचारतात. कुठल्या पायरीवर आहेस हे कधी सांगत नाहीत. पण ज्याचं बघणं पुरं झालं असं त्यांना वाटेल, त्याला म्हणतात, "रविवारी श्रवणाला बस." मग त्या रविवारी मागच्या दालनात टेप लावतात. त्यात एका जुन्या आचार्यांच्या आवाजात सगळ्या पायऱ्या ओळीनं सांगितलेल्या आहेत: आधी उजेड दिसतो, मग सगळं विरघळतं, मग भय येतं, मग वीट, मग पळून जावंसं वाटतं, मग मन सपाट होतं, आणि मग ते. ज्यानं त्यानं ऐकावं आणि आपलं आपण ताडून बघावं. श्रवणाला बसलेलं माणूस म्हणजे पोचलेलं माणूस, हे गाव न बोलता धरून चालतं. ज्याचं व्हायचंय त्यानं मात्र ती टेप ऐकायची नसते. का, ते सेन यिनच्या गोष्टीत येईलच.

पंचविशीत सेन यिन सुट्टीच्या दिवशी केंद्रात सेवेला जायची. दुपारनंतर तिथं जेवण नसतं, नुसतं लिंबाचं सरबत. श्रवणाच्या रविवारी सरबताचे पेले घेऊन ती पडद्यामागे थांबायची, टेप संपली की आत न्यायचे म्हणून. टेप चांगली तीन तासांची. सहा-सात वर्षांत किती रविवार झाले, मोजा. चिरूट वळणारी पोर पडद्यामागे बसून ऐकतेय, हे कुणाच्या ध्यानीमनी आलं नाही. तिच्याही नाही. आपण काही ऐकतोय असं तिला वाटतच नव्हतं, ती आपली बर्फ वितळतोय का एवढंच बघायची.

बत्तिसाव्या वर्षी तिची आई गेली आणि हिची झोप उडाली. डोळा लागेना, घास उतरेना. न्योच तिला म्हणाली, "जा बाई जा, बस जाऊन तुझ्या सयाडोंपुढे. इथं तू दिवसभर सुस्कारे टाकतेस आणि माझी तंबाखू उडते." सेन यिन दोन महिन्यांच्या बोलीनं बसली.

विसाव्या दिवशी तिला उजेड दिसला. खरंच दिसला, त्यात खोट नाही. तिनं सांगितलं. सयाडो म्हणाले, "मग?" आता पुढं काय, असं तिच्या मनात आलं आणि चार दिवसांत अंग साबणाच्या फेसासारखं विरायला लागलं. ते सांगितलं. मग भय आलं. मग वीट आला. एकेक अगदी वेळेवर. आणि पन्नासाव्या दिवशी, दुपारच्या बैठकीत, एक क्षण असा गेला की काहीच नव्हतं. जिना उतरताना एक पायरी चुकावी तसं झालं आणि पुन्हा पोट वर, पोट खाली सुरू. त्या दिवशी सकाळच्या जेवणात फणस होता आणि तिनं तो सपाटून खाल्ला होता, हेही सांगायला हवं. पण हे तिनं सयाडोंना सांगितलं नाही. बाकीचं सांगितलं. सयाडोंनी दोन प्रश्न विचारले आणि म्हणाले, "रविवारी श्रवणाला बस."

रविवारी ती पडद्याच्या पुढच्या बाजूला बसली. टेप सुरू झाली. पुढचं प्रत्येक वाक्य तिला यायच्या आधी येत होतं. आचार्य 'भय' म्हणायच्या आत तिच्या आत कुणीतरी 'भय' म्हणत होतं. मग मला झालं ते झालं की आठवलं? उजेड माझा की टेपमधला? शेजारच्या दोन म्हाताऱ्या आनंदानं रडत होत्या. दालनाबाहेर गाव हात जोडून उभं. तेव्हाच ओरडून सांगायला हवं होतं, की अहो, मी हे आधी ऐकलंय! तोंड उघडलं नाही. त्या न उघडलेल्या तोंडापायी बाईनं जन्मभर भोगलं.

कारण आमच्याकडची रीत मोठी विचित्र आहे. पोचलेल्या माणसानं 'मी पोचलो' असं म्हणायचं नाही, ते पाप. दुसऱ्यानं विचारायचं नाही, तो उद्धटपणा. आणि कुणी आपणहून म्हणालाच, की नाही हो, मला काही मिळालं नाही, तर लोक एकमेकांकडे बघून मान डोलावतात: काय विनय आहे बघा! सेन यिननं सांगून पाहिलं. मावशीला सांगितलं, मावशीनं तिचे पाय धरले. मालकिणीला सांगितलं, मालकिणीनं तिची चटई झाडायला माणूस ठेवला. नाही म्हणावं तितकी ती हरभऱ्याच्या झाडावर आणखी वर चढत गेली, आणि खाली उतरायला फांदी म्हणून मिळेना.

सयाडोंकडेही गेली होती. "भंते, मला शंका आहे."

"शंका आली? मग 'शंका, शंका' म्हणून बघ तिच्याकडे."

"तसं नव्हे भंते, मी ती टेप..."

"मन गोष्टी रचतं. तीही बघ." आणि ते हसले. इतके मायेनं हसले, की हिला पुढं बोलवेना. पुन्हा हिंमत बांधून गेली तोवर सयाडोंची चिता विझली होती.

मग ती बघत राहिली. दुसरं करणार काय? चिरूट वळताना 'वळतेय, वळतेय', पाणी पिताना 'गिळतेय'. चौतीस वर्षं. आणि दिसायचं काय, तर हे: कुणी वाकून नमस्कार केला की आत एक बाई गुदगुल्या झाल्यासारखी खूश होते. तिला 'गर्व' म्हणून बघितलं, की कसं ओळखलं म्हणून तीच बाई आणखी खूश. 'मी' नाहीच म्हणे आत! हिला तर जिकडंतिकडं तीच दिसायची, पाय पसरून.

न्यो तेवढी बदलली नाही. "सेन यिन, निर्वाणातून परत येताना दोन कांदे घेऊन ये गं, घरातले संपलेत." सगळा कारखाना जीभ चावायचा आणि सेन यिनला मात्र ते ऐकून बरं वाटायचं. न्यो स्वतः एक दिवस ध्यानाला बसली नाही. म्हणायची, "मी डोळे मिटले की घोरते. सयाडोंना कशाला त्रास?"

गेल्या थंडीत न्योला खोकला लागला. चिरूटवाल्या बायकांना खोकला असतोच, कुणी मनावर घेत नाही. पण पाणी खेळायच्या सणापर्यंत ती जिना चढेना, आणि आषाढाच्या सुमारास अंथरुणाला खिळली. मंडालेच्या डॉक्टरांनी छातीचा फोटो बघून तिच्या मुलीला, थिडाला, बाहेर बोलावून सांगितलं, आता घरीच न्या.

सेन यिन रोज सकाळी कारखान्याआधी जायची. थिडा मोहिंगाचा, म्हणजे मासळीच्या रश्शातल्या शेवयांचा, गाडा लावते, तिला सकाळी फुरसत नसते. एक दिवस न्योनं थिडाला गाड्यावर पिटाळलं आणि म्हणाली, "दार लोट."

सेन यिननं दार लोटलं.

"पन्नास वर्षं शेजारी बसलीस. तुला कधी विचारलं नाही. आज विचारते." न्यो दर चार शब्दांना दम खात होती. "मिळालं का गं तुला ते?"

कुणी असं विचारत नसतं. पण विचारणारी न्यो होती, आणि न्योपुढं खोटं बोलायची तिला सवय नव्हती.

"मला माहीत नाही," ती म्हणाली.

"विनय नको दाखवूस. मी तुझी मावशी नाही."

"विनय नाही गं न्यो. खरंच माहीत नाही." आणि मग जे चौतीस वर्षं अडकलं होतं ते भडाभडा बाहेर आलं. पडदा, सरबत, टेप, पाठ झालेली वाक्यं. फणससुद्धा सांगितला.

फणसावर न्यो हसली. खोकला येईपर्यंत हसली, खोकला गेल्यावरही हसली. सेन यिनही हसायला लागली. वर्षानुवर्षांचं ओझं उतरल्यासारखं तिला इतकं हलकं वाटलं, की न्योचं हसू कधी थांबलं ते तिच्या लक्षातच आलं नाही.

"म्हणजे तुझ्याकडे काहीच नाही?" न्यो म्हणाली.

"असं नाही, पण..."

"मग मी कुणाच्या जिवावर बसले होते गं?" न्योनं चादर छातीशी ओढली. "मी म्हणायचे, मला नाही जमत तर नाही जमत. माझ्या शेजारी आहे ना एक. शेवटी विचारीन तिला. पायरी चुकले तर हात धरील."

"तू तर चेष्टा करायचीस!"

"खरं आहे असं वाटायचं म्हणून करायचे. खोट्याची कुणी चेष्टा करतं का?" आणि तिनं भिंतीकडे तोंड फिरवलं.

त्या दिवसापासून न्योला भीती बसली. आधी नव्हती असं नाही, पण झाकलेली होती, सेन यिननं झाकण काढलं. न्योनं पेज सोडली. डोळे मिटायला घाबरायला लागली. थिडाचा हात धरला की सोडायचीच नाही, पोरीच्या मनगटावर वळ उठले. "अंधार आहे गं पुढं, नुसता अंधार," एवढंच म्हणायची. थिडा सेन यिनला हात जोडून म्हणाली, "मावशी, आईला काहीतरी सांगा ना. तुम्ही सांगितलं तर ऐकेल."

सेन यिन घरी गेली आणि पुतळ्यासारखी बसली. झाकली मूठ सव्वा लाखाची, हे काय तिला माहीत नव्हतं? मग आपल्या एका घटकेच्या सुखासाठी ती का उघडली? खरं बोललो तर न्यो भीतीनं मरतेय. आणि खोटं बोलायचं, तर ते साधं खोटं नव्हे. न मिळालेलं मिळालं म्हणणं. त्याहून मोठं खोटं आमच्यात नाही. भिक्खूनं ते केलं तर त्याचं चीवर जातं. तिनं स्वतःच्या मनाकडे पाहिलं. 'शंका.' 'भय.' 'पश्चात्ताप.' सगळ्यांना नावं देऊन झाली, कुणी जागचं हललं नाही. तिला रडू आलं. तेही बघून झालं.

चौथ्या दिवशी सकाळी ती न्योच्या उशाशी जाऊन बसली आणि म्हणाली, "न्यो, मी त्या दिवशी उगाच बोलले. खरं सांगायचं नसतं म्हणून बोलले. मिळालंय मला."

न्योनं डोळे उघडले. खोल गेले होते, पण नजर तीच होती.

"पुन्हा म्हण."

"मिळालंय. खरंच मिळालंय. पुढं अंधार नाही. मी बघितलंय."

न्योच्या ओठांच्या कोपऱ्यात थोडंसं हसू आलं.

"खोटारडे," ती म्हणाली. "माझ्यासाठी नरकात जायला निघालीस होय?"

सेन यिननं न्योचे पाय मांडीवर घेतले. पाय बर्फासारखे गार होते.

"आलीच आहेस तर बस," न्यो म्हणाली. "काय बघू सांग."

"श्वास बघ."

"श्वास राहिलाय कुठं बघायला?"

"मग भीती बघ. 'भय, भय' म्हण."

"बघते." तिनं डोळे मिटले आणि लगेच उघडले. "मी कसली बघतेय, तीच मला बघतेय गं." मग एकदम लहान मुलीसारखी म्हणाली, "सेन यिन, मला नाही जायचं."

"मलाही नाही जाऊ द्यायचं तुला," सेन यिन म्हणाली. चौतीस वर्षांत किती खाटांपाशी ती बसली होती, पण एवढं साधं कुठं बोलली नव्हती. ती पाय चोळत राहिली. तळवे, टाचा, पुन्हा तळवे. ऊब येत नव्हती.

दुपारच्या आत न्यो गेली. शांत गेली नाही. उठून बसायला बघत होती. सेन यिनचं मनगट तिनं दोन्ही हातांनी धरलं होतं, डोळे सताड उघडे होते, आणि त्या डोळ्यांत काय होतं ते सेन यिननं पाहिलं. तिनं ते डोळे मिटले, एकेक बोट सोडवलं, लुंगी नीट केली, केस मागं सारले. थिडा गाडा टाकून धावत आली तोवर न्यो नीट निजल्यासारखी दिसत होती.

"मावशी, आई शांत गेली ना?"

सेन यिननं तोंड उघडलं. तोंडातून शब्द येईना. थिडानं तिच्या गप्प राहण्याकडे पाहिलं, गुडघे टेकले आणि तीनदा नमस्कार केला. "तुम्ही होतात म्हणून हो," ती म्हणाली आणि रडायला लागली. संध्याकाळपर्यंत गल्लीभर झालं: दॉ सेन यिन नुसती जवळ बसली, आणि न्योसारखी न्यो कशी दिव्यासारखी मालवली बघा!

सातव्या दिवशी भिक्खूंना भोजन घातलं. भांडी घासून होत होती, तेवढ्यात तांदळाच्या गिरणीवाले ऊ ठून अंगणात येऊन उभे राहिले. त्यांची आई पहाटेपासून अत्यवस्थ होती.

"चलता का, दॉ सेन यिन? आई सारखी तुमचं नाव घेतेय."

"मला काही येत नाही हो," सेन यिन म्हणाली. "देवाशपथ सांगते... बुद्धाशपथ सांगते, मला काही येत नाही. न्योसुद्धा भिऊन गेली, माझ्या डोळ्यांदेखत. तुम्ही दुसऱ्या कुणाला तरी न्या."

ऊ ठूननी ऐकून घेतलं. त्यांचे डोळे भरून आले. "मोठी माणसं असंच बोलतात," ते म्हणाले आणि भर अंगणात, राखेच्या पाण्यात, गुडघे टेकून बसले.

सेन यिननं भोवती बघितलं. कुणीतरी हसेल, कुणीतरी म्हणेल, की अहो, ती खरं सांगतेय, ऐका तिचं. बायका हात जोडून उभ्या होत्या. थिडाही हात जोडून उभी होती. अख्ख्या पखोक्कूत तिला तोंडावर खोटारडी म्हणणारं एकच माणूस होतं, आणि त्याच्याच सातव्या दिवसाची भांडी ती घासत होती. तिनं हात धुतले, तपकिरी उपरणं खांद्यावर घेतलं आणि ऊ ठूनच्या मागं निघाली.